आग खाली, मरण वर

३ एप्रिल २०२४च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या शिलाईच्या दुकानाला आग लागली. वर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा जीव गेला. त्यांत दोन लेकरं होती. पोलिसांनी त्याच दिवशी सांगितलं, की आग वरच्या मजल्यापर्यंत पोचलीच नव्हती. माणसं गुदमरून गेली.

हे मी तेव्हापासून नांदेडात, लातुरात भेटेल त्याला सांगतो आहे. ऐकणारा हळहळतो, आणि रात्री शटर ओढून, जिन्याच्या चॅनल गेटला कुलूप घालून, वर बायकालेकरांजवळ झोपायला जातो. त्या हळहळीची मला चीड येते. ज्याला खरंच वाईट वाटलं, तो त्या रात्री तरी किल्ली कुठे ठेवली आहे ते घरातल्या सगळ्यांना सांगेल. कुणी सांगत नाही.

छावणीच्या आधी सव्वातीन महिने, २५ डिसेंबर २०२३ला, लातूरच्या मिनी मार्केट भागातल्या बहुमजली इमारतीला पहाटे आग लागली आणि एकाच घरातले तिघे गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला चिंचवडच्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानातच राहणारं चौघांचं कुटुंब संपलं. ६ ऑक्टोबर २०२४ला चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान आणि वर घर, मेले सात. मग १८ मे २०२५चा रविवार उजाडला. त्या एका दिवशी हैदराबादच्या चारमिनारजवळ गुलजार हौजला खाली मोत्यांची दुकानं असलेल्या जुन्या घरात सतरा माणसं गेली, त्यांतली आठ लेकरं. आणि आपल्या शेजारच्या सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आठ जण गेले. तिथेही मालकाचं कुटुंब कारखान्याच्याच इमारतीत राहत होतं. गुलजार हौज आपल्याला परकं नाही. नांदेड-लातूरच्या किती लग्नांचे मोती त्याच गल्ल्यांतून आले आहेत. तिथल्या घराला वर जायला एकच अरुंद वाट होती. तसलीच घरं निजामाच्या राज्यात आपल्याकडेही बांधली गेली आणि निजाम गेल्यावर तर आपण ती दुप्पट जोमानं बांधली.

या सगळ्या आगी वेगवेगळ्या दिसतात, पण त्यांतल्या बहुतेकांची इमारत एकच आहे. खाली माल, वर माणसं आणि मधे एकच जिना.

ही इमारत बघायला लांब जायला नको. लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्यांतल्या कुठल्याही रस्त्याला लागा, किंवा नांदेडात वजिराबादेत, इतवाऱ्यात फिरा. रस्त्याच्या बाजूला शटर. शटरमागे दुकान, दुकानामागे गोदाम. कडेला दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं लागेल एवढी बोळ, बोळीच्या टोकाला जिना. जिन्याखाली सगळ्या मजल्यांचे मीटर. मीटरखाली दुचाक्या, आणि आता त्यांतली एखादी रात्रभर चार्जिंगला लावलेली. पहिल्या वळणावर पुठ्ठ्याचे खोके, थर्माकोल, जुनी गादी, मोडका कूलर. वरच्या मजल्यांवर प्रत्येक खिडकीला वेल्डिंग केलेली ग्रील, बाल्कनीला खालपासून वरपर्यंत जाळी. जिना गच्चीवर जातो, पण गच्चीच्या दाराला कुलूप, कारण पोरं वर जातात आणि वाळवणाला हात लावतात. खालच्या चॅनल गेटला दुसरं कुलूप, आणि त्याची किल्ली घरातल्या कर्त्या पुरुषाच्या उशाखाली.

अशा घरात खाली आग लागली तर काय होतं, ते सांगतो. कापडाच्या गाठी, फोम, प्लास्टिक, पुठ्ठा जळायला लागले, की तापलेला धूर वरची वाट शोधतो. बंद शटरमागून त्याला एकच वाट मोकळी असते, ती म्हणजे जिना. जिना धुराडं होतो. म्हणजे ज्या वाटेनं माणसांनी खाली यायचं, तीच वाट सगळ्यात आधी बंद होते. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. फोम आणि कृत्रिम धाग्यांच्या धुरात तर सायनाइडचा वायूसुद्धा असतो. ‘धुराचा वास आला की जाग येईलच’ असं लोक खात्रीनं सांगतात. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासानं जाग येईल याचा काही भरवसा नसतो. उलट तो धूर झोप आणखी गाढ करतो. ज्यांना जाग येते ते उठून अंधारात किल्ली शोधतात. दिवे गेलेले असतात. किल्ली सापडली तरी कुलूप खाली असतं, धूर जिथून येतोय तिथेच. मग माणसं खिडकीकडे वळतात आणि आपणच पैसे देऊन बसवलेल्या ग्रीलला धरून उभी राहतात.

एका कापडवाल्या काकांशी मी यावरून वाद घातला आहे.

‘सर, ग्रील काढली तर चोर येतील हो.’

‘काढा कोण म्हणतंय काका? रस्त्याकडच्या एका खिडकीची ग्रील दारासारखी उघडेल अशी करून घ्या. बिजागरी लावा, आतून कडी लावा. कुलूपच हवं असेल तर किल्ली त्याच खिडकीशेजारी खिळ्याला अडकवा, उशाखाली नको.’

‘करू की. दिवाळीनंतर वेल्डरला बोलावतो.’

चोरापासून वाचायला आपण लेकरांना कोंडतो आणि वर त्याला काळजी म्हणतो. चोर आला तर टीव्ही जाईल, सोनं जाईल. एका खिडकीच्या ग्रीलला बिजागऱ्या लावणं हे वेल्डरचं एका दुपारचं काम आहे. ते दिवाळीनंतरवर ढकलणाऱ्या माणसाला मी भोळा म्हणणार नाही. त्याला धोका कळतो आहे, आणि कळूनही तो पुढे ढकलतो आहे.

आता आगीच्या कारणाकडे येऊ. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठरलेलं वाक्य येतं: शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज. या एका वाक्यानं सगळे सुटतात. घरमालक सुटतो, वायरमन सुटतो, ज्यानं टेस्ट रिपोर्टवर सही केली तो ठेकेदार सुटतो. जणू वीज स्वतःच रात्री उठून तारेत शिरली आणि तिला पेट घ्यावासा वाटला. शॉर्टसर्किट आपोआप होत नाही. ते करणारे हात असतात, आणि ते हात बहुतेक वेळा आपल्याच घरातले असतात.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घर बांधताना एक ट्यूब, एक पंखा, एक टीव्ही धरून एक-अठराची, फार तर तीन-वीसची तार ओढलेली असते. मग फ्रिज येतो, मिक्सर येतो, गीझर येतो, इन्व्हर्टर येतो. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की दीड टनाचा एसी येतो. एसीसाठी मीटरपासून वेगळी, चार चौरस मिलिमीटरची तार ओढायला पाहिजे, तिला स्वतःचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, पाहिजे. दुकानदार फुकट फिटिंग देतो, फिटिंगवाला पोरगा जवळच्या सॉकेटमध्ये टॉप खुपसून जातो. त्या टॉपची तिसरी, जाड पिन आपण आधीच तोडलेली असते, कारण बोर्डाला दोनच भोकं आहेत. भिंतीच्या आत तार तापत राहते. बाहेर चाळीसच्या वर, आत पाइपात त्याहून जास्त. तारेवरचं प्लास्टिक कडक होतं, चिरतं, गळतं. स्विच गरम लागतो, जळका वास येतो, बोर्डाभोवती भिंत पिवळी पडते. हे सगळं महिनोन्महिने दिसत असतं. घरातली बाई सांगते, ‘अहो, बटण चटका देतंय.’ तिला उत्तर मिळतं, ‘चालतंय, उन्हाळाभर चालव.’

आणि फ्यूज. फ्यूजचं कामच वितळायचं. भार वाढला की त्यानं आधी जळावं आणि घर वाचवावं यासाठी तो आहे. तो सारखा उडतो म्हणून आपण त्यात वायरीतले चार-सहा पदर पिळून घालतो आणि पुन्हा उडत नाही म्हणून समाधान मानतो. असं करणारा माणूस घराची शेवटची राखण स्वतःच्या हातानं मारतो. एमसीबी बसवलेल्या घरांतही हेच. सोळाचा पडतो म्हणून बत्तीसचा बसवतात, तार तीच. तार जळेल, पण एमसीबी पडणार नाही, असा तो बंदोबस्त असतो.

३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मराठवाड्यातला माणूस घर बांधताना मिस्त्रीला सळई किती एमएमची विचारायला शिकला. खेड्यातला शेतकरीसुद्धा कॉलम मोजतो, रिंगा किती अंतरावर बांधल्या ते बघतो. तारेची जाडी तो आजही विचारत नाही. भूकंप एकदा आला, त्यानं हजारो माणसं एका पहाटेत नेली, म्हणून तो शिकवून गेला. आग माणसं दोन-तीन, सात-आठ अशी नेते, दरवेळी दुसऱ्याच्या गल्लीत. म्हणून ती आपल्याला काही शिकवत नाही. देशात दरवर्षी आगीच्या अपघातांत जे जातात, त्यांतले अर्ध्याहून जास्त राहत्या घरात जातात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आहेत. कारखाना, गोदाम, सिनेमागृह यांचे आकडे त्यानंतर येतात.

त्यातही कोण जातं, हे बोलायला आपल्या जिभा अडखळतात. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. २००१ या एका वर्षात भारतात जळून अंदाजे १,६३,०००हून जास्त माणसं मेली, त्यांत सुमारे १,०६,००० बायका होत्या, बहुतेक पंधरा ते चौतीस वयाच्या. पोलिसांच्या नोंदीत त्यातला लहानसा हिस्साच दिसत होता. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य मराठवाड्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या जळीत वॉर्डांत किती बायकांच्या तोंडी घातलं गेलं, आणि त्यातल्या किती बायका खरं सांगायच्या आत गेल्या, हे त्या वॉर्डांत काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला विचारा. हुंड्यासाठी जाळणं हा खून आहे, त्याला अपघातांच्या यादीत जागा देऊ नका. पण जे खरंच अपघात होते, त्यांतही ओटा बाईच्याच वाट्याला होता. गॅस आला, उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरोघरचा रॉकेलचा स्टोव्ह मागे पडला. बाई मात्र अजून त्याच अरुंद स्वयंपाकघरात, नायलॉनचा गाऊन घालून, ओढणीचं टोक बर्नरवरून नेत, वरच्या फळीवरचा डबा काढते आहे. कृत्रिम कापड नुसतं जळत नाही, ते वितळून कातडीला चिकटतं. स्वयंपाक करताना सुती कपडे घाला हे सांगणारे पुष्कळ आहेत. डबे ओट्याच्या वर नको, बाजूला ठेवू, म्हणून फळी हलवणारा नवरा मला फार कमी घरांत दिसला.

गॅसबद्दल तर आपण उघड्या डोळ्यांनी बेफिकीर आहोत. सिलिंडर आणि शेगडी यांच्यातली ती भगवी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आणि ती मुदत नळीवरच छापलेली असते. आज घरी जाऊन वाचा. अनेक घरांत ती तारीख तेलाच्या थराखाली गेलेली असेल. मॉड्युलर किचनच्या नादात सिलिंडर ओट्याखालच्या बंद कपाटात गेला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की वर उडून जात नाही, जमिनीलगत साचतो. हवेत तो दोन टक्क्यांच्या आसपास झाला की एक ठिणगी पुरते. बंद कपाट म्हणजे ते दोन टक्के साठवायची सोयच आपण करून दिली. वास आला की आपण काय करतो? अंधार असतो म्हणून आधी दिवा लावतो. एक्झॉस्ट सुरू करतो. नेमकं तेच करायचं नसतं. बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची, बाहेर जाऊन १९०६ला फोन करायचा. हा क्रमांक चोवीस तास चालतो. शंभर घरांत विचारा, किती जणांना तो पाठ आहे.

गॅस कंपन्यांचा विमाही असतो. अपघाती मृत्यूला सहा लाख, घराच्या नुकसानीला दोन लाखांपर्यंत, पण जोडणीवर नोंदलेल्या पत्त्यावरच्या नुकसानीला. आता गावाकडची जोडणी लातूरला आणून वापरणाऱ्यांनी आणि बाजारातली साधी रबरी नळी लावणाऱ्यांनी विचार करावा, की आपली माणसं कोणत्या कागदाच्या भरवशावर झोपली आहेत.

इथे मला विद्यार्थ्यांबद्दल बोलायचं आहे, कारण त्याबद्दल बोललेलं आपल्या दोन्ही शहरांना आवडत नाही. लातूर पॅटर्नच्या नावानं अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं लातूरला येतात, नांदेडला येतात. ट्यूशनच्या परिसरात प्रत्येक घरावर एकेक मजला चढतो, एकेका हॉलचे प्लायवूडनं चार भाग होतात, भागात तीन पलंग. जिना एक. खाली मेस. कुठे पोरं चहासाठी छोट्या टाकीवर शेगडी ठेवतात, आणि ती टाकी गल्लीतल्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून चोरून भरलेली असते. २४ मे २०१९ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये क्लासला बसलेली बावीस मुलं गेली. त्यांतल्या काहींनी वरच्या मजल्यावरून उड्या टाकल्या ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. जून २०२३मध्ये दिल्लीच्या मुखर्जीनगरात क्लासमधली पोरं वायरींना लोंबकळत खाली उतरली. आपल्या शहरांनी त्यातून काय घेतलं? बाप लाख-दीड लाख फी भरताना शिक्षकाचा निकाल विचारतो, टॉपरचा फोटो बघतो, मेसच्या पोळीची चव बघतो. खोलीतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे तो विचारत नाही. आणि घरमालकाला माहीत असतं, की तो विचारणार नाही. मी तर म्हणतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय एकाही आईबापानं अनामत रक्कम देऊ नये. शहरातले घरमालक कायद्याला घाबरत नाहीत, पण रिकाम्या खाटेला घाबरतात.

साधनांचंही बोलतो. लोक मला विचारतात, सर, काय घ्यावं? आणि मी सांगायला लागलो की किंमत ऐकून गप्प होतात. एबीसी पावडरचं छोटं अग्निशामक दीड-दोन हजारांत मिळतं. तेवढे पैसे आपण वाढदिवसाच्या केकवर आणि फुग्यांवर घालवतो. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीच्या बैठकीत जिन्यातली अग्निशामकं भरून घ्यायचा विषय निघाला, खर्च जास्त म्हणून पुढच्या वर्षावर गेला. त्याच बैठकीत गणपतीच्या रोषणाईची वर्गणी टाळ्यांत वाढवली गेली. रोषणाईला माझा विरोध नाही. पण ती रोषणाई ज्या एकाच बोर्डावरून ओढली जाणार होती, त्या बोर्डाशेजारच्या अग्निशामकाचा काटा लाल पट्ट्यात पडलेला होता, आणि त्या खोलीतल्या कुणालाही त्याची लाज वाटली नाही.

अग्निशामक घेताना त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस १५६८३ हा आकडा आहे का ते बघा. काटा हिरव्यात असला पाहिजे, आणि महिन्यातून एकदा तो बघितला पाहिजे. ते स्वयंपाकघराच्या आत, शेगडीच्या मागे टांगू नका. शेगडी पेटली तर ते घ्यायला आगीत हात घालावा लागेल. दाराशी, बाहेर पडायच्या वाटेवर टांगा. पिन ओढायची, तोंड ज्वाळेच्या टोकावर नव्हे तर बुडाशी धरायचं, दांडा दाबायचा आणि डावीकडून उजवीकडे फिरवायचं. घरगुती आकाराचं अग्निशामक दहा सेकंदांच्या आसपास चालतं. तेवढ्यात विझली तर विझली, नाही तर टाकून बाहेर पळायचं. शौर्य दाखवायला ती जागा नाही. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी कधीच टाकू नका. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं, वाफ सतराशे पटीनं फुगते आणि पेटलेलं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करायचा, कढईवर मोठं ताट सरकवायचं आणि गार होईपर्यंत उचलायचं नाही. यासाठी काहीही विकत आणावं लागत नाही. प्रत्येक घरात परात आहे. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी. हळद नको, टूथपेस्ट नको, शाई नको. लातूरकरांनी २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं आहे, पाणी जपावं हे त्यांच्या हाडांत भिनलं आहे. पण भाजलेल्या लेकरावर पाणी ओतताना जपू नका.

पण अग्निशामकाच्याही आधी मी धुराचा अलार्म घ्यायला सांगेन. घरात झोपलेल्या माणसाला अग्निशामक उठवत नाही. बॅटरीवर चालणारा, छताला लावायचा, तळहाताएवढा डबा असतो तो. धूर शिरला की कान फाटेल असा ओरडतो. जपाननं २००४ साली कायदा बदलला, २००६पासून नव्या घरांत आणि २०११पर्यंत देशातल्या जुन्या घरांतही हा अलार्म सक्तीचा केला. आपल्याकडे लोक म्हणतात, फोडणी घातली की वाजेल, ऊद घातला की वाजेल. स्वयंपाकघरात आणि देवघरासमोर लावला तर वाजेलच. तो जिन्याच्या वरच्या टोकाला आणि झोपायच्या खोलीच्या दाराबाहेर लावायचा. खाली दुकान असेल तर एक दुकानात, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले, म्हणजे खालचा वाजला की वरचाही वाजेल. छावणीत आग वर पोचली नव्हती. ओरडणारं काहीतरी वर असतं, तर त्या सात जणांना वेळ मिळाला असता. मला हे पुन्हा पुन्हा आठवतं आणि प्रत्येक वेळी तितकाच संताप येतो.

विजेच्या बाजूनं दोन कामं. जुन्या घरात परवानाधारक माणसाकडून तारा तपासून घ्यायच्या, गीझर-एसीला वेगळी लाइन, आणि मुख्य बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. विजेच्या गाडीची बॅटरी जिन्याखाली किंवा दारात, रात्री, सगळे झोपलेले असताना चार्ज करायची नाही. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटात सात वर्षांचं पोरगं गेलं. बाहेर पडायच्या एकमेव वाटेवर ती बॅटरी ठेवणं म्हणजे आपलं दार आपणच तिच्या स्वाधीन करणं.

आता सरकार आणि महापालिका. माझा राग घरमालकावर संपत नाही. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६चा आहे, डिसेंबर २००८पासून लागू आहे. इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यानं आगीपासूनच्या सोयी चालू स्थितीत ठेवायच्या, आणि परवानाधारक संस्थेकडून तसं प्रमाणपत्र, प्रपत्र ‘ब’, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं, असं तो सांगतो. कायदा चांगला आहे. पण त्याचा हात उंच टॉवरपर्यंत, मॉलपर्यंत, दवाखान्यापर्यंत जातो. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या सरकारी रुग्णालयात दहा नवजात बाळं आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा रुग्ण गेले, म्हणजे तिथेही तो वेळेवर पोचत नाहीच. आणि आपल्या बाजारपेठेतलं तीन-चार मजली घर तर त्याच्या नजरेतच येत नाही. नकाशा राहत्या घराचा मंजूर होतो. भोगवटा मिळाला, की तळमजल्याच्या भिंती पाडून शटर बसतं. पालिकेच्या माणसाला ते दिसतं, कारण तो त्याच दुकानात पाट्या, परवाने आणि कर तपासायला येतो. त्या इमारतीत वर झोपणाऱ्या लेकरांसाठी मात्र त्याच्या वहीत रकाना नाही. पालिका मालमत्ता करासोबत अग्निकर घेऊ शकतात, तसा अधिकार महानगरपालिका अधिनियमानं त्यांना दिला आहे. मग त्या कराच्या बदल्यात घराच्या जिन्यात डोकावायला माणूस यायला नको का?

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवता विझवता साठाहून अधिक जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. आपल्याकडे त्या आठवड्यात फलक लागतात, एखाद्या शाळेच्या मैदानावर ड्रममध्ये आग पेटवून विझवून दाखवतात, फोटो निघतो. त्या जवानांवर माझा आक्षेप नाही. ते इतवाऱ्याच्या गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून खांद्यावर पाइप घेऊन धावणारे लोक आहेत. आक्षेप त्यांना मैदानावर ठेवणाऱ्यांवर आहे. तो आठवडा बाजारात घालवा. गंजगोलाईचे सोळा रस्ते आणि सात दिवस. रोज दोन-तीन रस्ते घ्या, प्रत्येक इमारतीच्या जिन्यात शिरा, जिन्यातला माल बाहेर काढायला लावा, चॅनल गेटच्या आत किल्लीची पेटी आहे का बघा, वर बाहेर पडायला उघडणारी एक तरी खिडकी आहे का बघा, आणि जे दिसेल ते लिहून घ्या. तेच नांदेडात वजिराबादेत, इतवाऱ्यात करा.

आणि ती यादी लोकांना दाखवा. खाली व्यापार आणि वर राहणं असलेल्या प्रत्येक इमारतीचा दुकान परवाना दुसरी वाट, उघडणारी ग्रील आणि धुराचा अलार्म पाहिल्याशिवाय नव्यानं देऊ नका. विद्यार्थ्यांची वसतिगृहं याच अटीवर चालू द्या, आणि ज्यांनी अट पाळली नाही त्यांची नावं प्रभाग कार्यालयाच्या बाहेर आणि क्लासेसच्या दारांवर लावा, प्रवेश सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यात, आईबापांना वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत.